'पॉवर' शब्दाचा घाटातला प्रवास

बोरघाट उतरून खोपोलीत शिरताना डोंगराच्या अंगावरून सरळ खाली आलेले जाड लोखंडी नळ दिसतात. ते जिथे संपतात त्या इमारतीला खोपोलीतला लहानथोर माणूस 'पॉवरहाऊस' म्हणतो. 'जलविद्युत केंद्र' हा शब्द त्याला माहीत नसतो असे नाही. पण तो परीक्षेत लिहायचा शब्द आहे, रिक्षावाल्याला सांगायचा नाही.

इंग्रजीतला 'पॉवर' मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटेनासा झाला आहे. एका दिवसात कानावर येणारी वाक्ये नुसती टिपून पाहावीत. 'सेलमधली पॉवर संपली.' 'चष्म्याची पॉवर वाढली.' 'डॉक्टरांनी पाचशे पॉवरची गोळी दिली.' 'या बैलात पॉवर आहे.' 'सगळी पॉवर सरपंचाच्या हातात.' 'गिझरला पॉवरचा प्लग लागेल.' यांतल्या पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याला ऊर्जा म्हणायची आहे. दुसऱ्यात भिंगाच्या नाभीय अंतराचा व्यस्तांक आहे. तिसऱ्यात चक्क मिलिग्रॅममधले वस्तुमान आहे. चौथ्यात बहुधा बल, पाचव्यात अधिकार. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला पॉवर म्हणतात, ती राशी या सहांपैकी फक्त शेवटच्या वाक्यात आहे, आणि तीही आडून.

पुस्तकातली व्याख्या आपण वर्गात दरवर्षी सांगतो: कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती. मुले ती पाठ करतात आणि 'जास्त शक्ती म्हणजे जास्त ऊर्जा ना सर?' असे पुढच्याच तासाला विचारतात. यात मुलांचा दोष फारसा नाही. आपण 'पॉवर'साठी जो मराठी शब्द निवडला, तोच मुळात फार मोठे घर असलेला आहे. लोणावळ्याच्या पुढे कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आहे. तिथे चढून जाणाऱ्या कोळी बांधवांच्या मनात 'शक्ती' म्हणजे जूल भागिले सेकंद नसते. शक्ती म्हणजे देवी, शक्ती म्हणजे अंगातली रग, शक्ती म्हणजे सामर्थ्य. त्यातच भिंगाच्या पॉवरलाही आपली पुस्तके 'भिंगाची शक्ती'च म्हणतात. फोर्सला पाठ्यपुस्तकात 'बल' आणि मराठी विश्वकोशात 'प्रेरणा'. व्यवहारात मात्र बल, शक्ती, जोर, ताकद हे सगळे एकाच माळेतले मणी.

पण हा गोंधळ मराठीने निर्माण केलेला नाही. इंग्रजीत 'पॉवर' हा शब्द फ्रेंचांकडून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'समर्थ असणे' हे क्रियापद आहे. राजाची सत्ता, फौजफाटा, एखादी गोष्ट करण्याची क्षमता असे त्याचे जुने अर्थ. जुन्या इंग्रजी यांत्रिकीच्या पुस्तकांत तर तरफ, कप्पी, उतरण, स्क्रू या साध्या यंत्रांनाच 'यांत्रिक पॉवर' म्हणत. जर्मनांचेही तसेच. हेल्महोल्ट्झने १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात 'ऊर्जा' हा शब्द नाही. तिथे 'क्राफ्ट', म्हणजे आजच्या भाषेत बल, असा शब्द आहे. बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती या चार गोष्टी वेगळ्या करायला युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या डोक्यांना एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग लागला. आपण ते चार तासिकांत उरकतो.

'पॉवर'ला दराचा अर्थ मिळाला तो मात्र प्रयोगशाळेत नव्हे, व्यापारात. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन वाफेची इंजिने विकत होते. गिऱ्हाईक विचारी, माझ्याकडे इतके घोडे रहाट ओढतात, तुमचे इंजिन किती घोड्यांच्या जागी चालेल? घोडा दिवसभरात एकूण किती काम करतो याला इथे महत्त्व नव्हते. तो ते किती वेगाने करतो याला होते. वॉटने १७८० च्या दशकात हिशेब बसवला: एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या मापात ७४६ वॅट. सामान्य घोड्याला हा वेग दिवसभर टिकवता येत नाही. वॉटने आकडा सैल हाताने धरला होता, म्हणजे इंजिन घेतल्यावर गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये. वॉटचे नाव एककाला देण्याची सूचना विल्यम सिमेन्सने १८८२ मध्ये केली. आपल्याकडे विहिरीवरची मोटार अजून 'पाचाची' आणि 'साडेसातची' असते. वॉटचे घोडे मावळातही पाणी उपसत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

आता घाटाकडे वळू. शक्ती आणि बल यांतला फरक समजावून द्यायला बोरघाटासारखा फळा दुसरा नाही.

या घाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. रेल्वेच्या मोजणीप्रमाणे चढ १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. सर्वांत उभा भाग ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. १८६१ च्या सुमारास एकाच वेळी चाळीस हजारांवर माणसे इथे राबत होती आणि पटकीने व अपघातांनी फार मोठ्या संख्येने मेली. ती सगळी स्नायूंची शक्ती होती. तिचा अंदाज घेणे सोपे आहे. पन्नास किलोचा माणूस हा ५५८ मीटरचा चढ चढतो तेव्हा तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २ लाख ७३ हजार जूल कार्य करतो. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे घाट चढून आलेल्या माणसाने केलेले कार्य एका युनिटच्या जेमतेम तेराव्या भागाएवढे. हे त्याने तीन तासांत केले तर त्याची सरासरी शक्ती भरते सुमारे २५ वॅट. हा आकडा मुलांना पटत नाही. दमून चढलेल्या माणसाची शक्ती एका लहानशा दिव्याइतकी? म्हणून तो त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. शाळेला माडी असेल तर घड्याळ लावून एकाला सावकाश आणि एकाला धावत जिना चढू द्यावा. ४५ किलोचा मुलगा तीन मीटर उंचीचा जिना सहा सेकंदांत चढला तर २२० वॅट. अर्ध्या मिनिटात चढला तर ४४. दोन्ही वेळा कार्य तेच: १३२३ जूल.

आता हजार टनांची गाडी घ्या. ती ३७ ला १ या चढावर ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर दर सेकंदाला ती सुमारे साडेबावीस सेंटिमीटर उंच जाते. घर्षण सोडून, नुसत्या चढासाठी लागणारी शक्ती साधारण २२ लाख वॅट, म्हणजे तीन हजार अश्वशक्तीच्या आसपास. १९२८ पासून या लोहमार्गासाठी जी विजेची मालवाहू इंजिने स्वित्झर्लंडहून आली, त्यांची शक्ती सुमारे २६०० अश्वशक्ती होती. (रेल्वेच्या माणसांनी त्यांना 'खेकडा' असे नाव ठेवले होते.) मग गाडी ताशी १५ किलोमीटरने नेली तर? लागणारी शक्ती निम्मी होते. एक इंजिन पुरायला हवे. तरीही पुरत नाही. कारण गाडीला मागे खेचणारे बल वेगावर अवलंबून नसते. ते हजार टनांचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २७ टनांचे वजन उचलण्याइतके, तेवढेच राहते. ते पेलायचे तर इंजिनाच्या चाकांची रुळांवर तितकी पकड हवी, आणि पकड चाकांवरच्या वजनावर ठरते. पावसाळ्यात ओल्या रुळांवर ती आणखी कमी. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिने लागतात. तेव्हा ती केवळ शक्तीसाठी नसतात, बलासाठीही असतात. मागे जोडलेली असल्याने मधला एखादा जोड तुटला तरी डबे घाटात घरंगळत नाहीत, हाही हेतू असतो.

या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. पुष्कळांना त्याचा पैशाच्या बँकेशी संबंध वाटतो. इंग्रजीत 'बँक' म्हणजे चढही. त्यावरून हे नाव. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मात्र बँकरविना हा घाट चढते. तिच्यात एकच मोठे इंजिन नसून मोटारी अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. पकडणारी चाके जास्त, म्हणून बल पुरते.

आता पुन्हा त्या नळांकडे.

मावळ हा मावळतीचा मुलूख. सह्याद्रीच्या कण्यावर पाऊस कोसळतो, लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक, आणि तो पूर्वेला वाहू लागतो: इंद्रायणी, पवना, मुळा, पुढे भीमा, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. हजार-बाराशे किलोमीटरचा संथ उतार. पण तेच पाणी काही किलोमीटर पश्चिमेला नेले तर कड्यावरून पाचशे मीटर थेट कोकणात पडते. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईच्या वास्तुविशारदाच्या हे ध्यानात आले आणि ती कल्पना जमशेटजी टाटांपर्यंत पोचली. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. कंपनी निघाली १९१० मध्ये. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला धरणाचा पाया घातला. वळवण, लोणावळा, शिरवता येथे पाणी अडवले, ते कड्यापर्यंत आणले आणि नळांतून खोपोलीला सोडले. १९१५ मध्ये वीज सुरू झाली आणि तारांवरून सुमारे सत्तर किलोमीटर दूर मुंबईला गेली. मूळ क्षमता ४० मेगावॅट, आज ७२.

आकडे बोलके आहेत. शाळेच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढे पाणी सव्वापाचशे मीटर खाली पडले तर त्यातून सुमारे ५१ लाख जूल मिळतात. गळती-घर्षण वजा जाता हातात पडते साधारण सव्वा युनिट. चाळीस मेगावॅट चालू ठेवायला अशा नऊ टाक्या लागतात. दिवसाला नव्हे, सेकंदाला. चक्रे फिरवून झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत जाते. देहू-आळंदीच्या वाटेने जायचे ते पाणी कोकणात उतरते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्ष द्यायचे ते कंपनीच्या नावाकडे: टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. सप्लाय, म्हणजे पुरवठा. 'पॉवर' ही इथे कोणाच्या अंगची क्षमता राहिलेली नाही. ती पुरवण्याची, मोजून विकण्याची वस्तू झाली आहे, तेल-मिठासारखी. गिऱ्हाईक होत्या मुंबईच्या कापडगिरण्या. तिथे तोवर एक मोठे वाफेचे इंजिन असे आणि त्यावरून दोर-पट्टे सगळ्या मजल्यांवरच्या यंत्रांना फिरवीत. दूरच्या खाणींतून येणारा कोळसा महाग आणि त्याचा धूर शहरभर. गिरणीला हवी होती ती फिरवणारी गोष्ट, म्हणजे पॉवर. घरांना हवा होता उजेड, म्हणजे लाईट. विजेचे दर आणि मीटरही पुष्कळ ठिकाणी दिव्यांसाठी वेगळे आणि यंत्रांसाठी वेगळे असत. आपल्या बोलण्यात ही विभागणी अजून जिवंत आहे. घरातली वीज गेली की आपण 'लाईट गेली' म्हणतो, भर दुपारी दोन वाजताही. बिल 'लाईट बिल'. आणि इस्त्री किंवा गिझरसाठी वायरमन वेगळा मोठा 'पॉवर पॉइंट' बसवतो. साधा प्लग ५ अँपिअरचा, २३० व्होल्टला ११५० वॅट. पॉवरचा १५ अँपिअरचा, ३४५० वॅट. सुरुवातीच्या सहा वाक्यांत शास्त्राला धरून बोलणारा तो एकटा, असे म्हटले ते यामुळे.

गंमत अशी की आपण पैसे 'पॉवर'चे देत नाही. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे ऊर्जा. तरी बातमीत 'या धरणातून रोज ७२ मेगावॅट वीज तयार होते' असे सर्रास छापून येते. गाडी रोज ताशी साठ किलोमीटर चालते, असे म्हणण्यासारखेच हे. अशी कात्रणे जमवून मुलांना दुरुस्त करायला द्यावीत. खूप मिळतात.

खोपोलीपाठोपाठ आंद्रेच्या खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तिसरे केंद्र भिऱ्याचे. त्यासाठी निघालेल्या १९१९ च्या कंपनीचे नाव आणखी आटोपशीर होते: टाटा पॉवर कंपनी. धरण बांधायचे होते मुळशीला, निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ. तिथे पन्नासच्या आसपास गावे होती आणि खाचरांत भात पिकत होता.

इथे 'पॉवर'चा जुना अर्थ समोर उभा राहिला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार होता, आणि ठरावीक अटींवर ती कंपनीसाठी घेण्याचाही. इंग्रजी कायद्याच्या भाषेत हा अधिकारही 'पॉवर'च. म्हणजे एका पॉवरने जमीन घ्यायची, दुसरी पॉवर तयार करायला. मुळशीच्या मावळ्यांनी ते मानले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू झाला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, बायाबापड्यांसह शेकडो माणसे तुरुंगात गेली. पुण्यात राहणाऱ्या सावकार जमीनमालकांनी मोबदला घेण्याकडे कल दाखवला. कुळांकडे घेण्यासारखा मोबदलाही नव्हता. ही फूट लढ्याला भोवली. बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यात. त्यांना तिसऱ्या खेपेला सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले. भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये चालू झाले. राजेंद्र व्होरा यांनी पुढे या लढ्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला जगातला धरणाविरुद्धचा पहिला लढा म्हटले.

मला वाटते, शक्ती हा धडा शिकवताना हे सांगायला पाच मिनिटे काढावीत. त्या वेळी मुंबईचा फायदा खरा होता. कोळसा वाचला, धूर कमी झाला, हजारो चात्या फिरल्या. मुळशीचा तोटाही खरा होता. मेगावॅटचा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच. तो कुणाला मिळाला आणि कुणाच्या भाताच्या खाचरावरून आला, हे त्या आकड्यात दिसत नाही. घाटमाथ्यावरच्या खेड्यापाड्यांत तारा पोचायला स्वातंत्र्यानंतरची दशके जावी लागली. तोवर तिथे 'पॉवर' म्हणजे फौजदार आणि मामलेदार.

शक्ती आणि ऊर्जा या वेगळ्या वस्तू आहेत याचा सर्वांत चांगला पुरावाही भिऱ्यालाच आहे. १९९० च्या दशकात तिथे १५० मेगावॅटचे उदंचन केंद्र उभे राहिले. मागणी कमी असते तेव्हा ते ग्रिडची वीज घेऊन पाणी पुन्हा वर चढवते, आणि मागणी चढली की तेच पाणी खाली सोडते. पाणी चढवायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते पडताना परत मिळत नाही. ऊर्जेच्या हिशेबात हा दरवेळी तोट्याचा धंदा. पण संध्याकाळी सातला सगळ्या घरांत एकदम दिवे, पंखे, शेगड्या लागतात तेव्हा प्रश्न एकूण युनिटांचा नसतो, त्या घटकेला किती मेगावॅट देता येतील याचा असतो. तेवढ्यासाठी हा तोटा परवडतो.

आता दिवसा सौर विजेची भर पडत असल्याने असे साठवण प्रकल्प पुन्हा पुढे आले आहेत. २०२३ साली राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात दोन उदंचन प्रकल्पांसाठी करार झाला: भिवपुरीला १००० मेगावॅट आणि शिरवत्याला १८०० मेगावॅट. शिरवता म्हणजे तोच शंभर वर्षांपूर्वीचा मावळातला तलाव. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित द्यावे: पाण्याचा पडाव पाचशे मीटर धरला आणि गळती-घर्षण सोडून दिले, तर १८०० मेगावॅटसाठी सेकंदाला किती टाक्या पाणी लागेल? ते सहा तास चालवायचे तर तलावातून किती पाणी उतरेल, आणि युनिटे किती होतील? पहिले उत्तर सुमारे ३६७ टाक्या असे यायला हवे. दुसऱ्या दोघांसाठी बातमीतला आकडा एकटा पुरत नाही, तास सांगावे लागतात, हे मुलांच्या लक्षात येते का ते पाहावे.